पोलिसांसाठी काढलेल्या जुन्या फोटोंच्या निगेटिव्ह सापडल्यात. ठेवायच्या, जाळायच्या की द्यायच्या?

डार्करूम_सांगली:

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या.

आमच्या अण्णांचा फोटो स्टुडिओ होता. सांगली जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव, स्टँडच्या समोर. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, का ते पुढं कळेल. स्टुडिओ बंद पडून बरीच वर्षं झाली, अण्णाही आता नाहीत. गावभागातल्या घरी खालच्या मजल्यावर लग्नाच्या, बारशांच्या, मुली दाखवायच्या फोटोंच्या सगळ्या निगेटिव्ह होत्या, २०१९ च्या पुरात त्यांचा चिखल झाला. माळ्यावर होता म्हणून एकच पत्र्याचा डबा वाचला. आईनं माळा आवरायला लावला तेव्हा उघडून बघितलं, तर आत सगळं पोलिसांचं काम!

तरुण मंडळींसाठी सांगतो. त्या काळी आमच्या ठाण्यात कॅमेरा नव्हता. बेवारस प्रेत, अपघात, सापडलेला चोरीचा माल आणि धरून आणलेली माणसं, कशाचाही फोटो हवा असला की शिपाई सायकलवरून स्टुडिओत यायचा. "अण्णा, साहेबांनी बोलावलंय, मशीन घिऊन चला." अण्णा यशिका कॅमेरा गळ्यात अडकवायचे, फ्लॅशची पिशवी माझ्याकडं. शाळेला सुट्टी असली की मी जायचोच, कारण येताना भजी मिळायची.

ठाण्याच्या मागं हौदाजवळ भिंतीवर चुन्याचा उभा पट्टा मारलेला, त्यावर काळ्या रंगात फूट-इंच. माणसाला त्याला पाठ लावून उभं करायचे, हातात शाळेतली पाटी, तिच्यावर खडूनं नाव, गु.र.नं. (ठाण्याचा गुन्हा रजिस्टर नंबर) आणि तारीख. एक फोटो समोरून, एक उजव्या बाजूनं. फेटा, टोपी काढायला लावायचे. एक म्हातारा मला अजून दिसतो. फेटा काढ म्हटल्यावर त्यानं दोन्ही हात डोक्यावर दाबून धरले. हवालदारानं हात बाजूला करून फेटा उचलला आणि हौदाच्या कट्ट्यावर ठेवला, तर त्याचा एक पदर सुटून पाण्यात गेला. म्हातारा फोटोत कॅमेऱ्याकडं बघतच नाहीये, त्या पाण्यात पडलेल्या पदराकडं बघतोय. अण्णा यशिकात खाली मान घालून एवढंच म्हणाले, "बाबा, कान दिसू दे जरा." बायकांचे फोटो असले की झाडलोट करणाऱ्या मावशीला बोलवायचे, पदर कानामागं सारायला. बाई पोलीस आमच्या ठाण्यात कुणी नव्हती.

आता गंमत म्हणा, पण अण्णांचं नाव होतं ते रिटचिंगसाठी. टोकदार पेन्सिल घेऊन निगेटिव्हवरच काम करायचे. देवीचे व्रण, डोळ्याखालचं काळं, दाताची फट, सगळं घालवायचे. अण्णांच्या फोटोवर लग्नं जमलीत लोकांची! पोलिसांच्या निगेटिव्हला मात्र पेन्सिलीचा स्पर्श नाही. वहीत लिहिलंय: "पो. ३ कॉपी. रिटच नाही." आणि त्याच्यापुढं बहुतेक ठिकाणी "बिल बाकी".

प्रत्येक निगेटिव्ह बटर पेपरच्या पाकिटात, वर अण्णांच्या अक्षरात नाव. काही पाकिटांवर लाल पेन्सिलीनं "सुटला" लिहिलंय. कोर्टात काय झालं ते गावात चार दिवसांत कळायचंच. पण हे पाकिटावर लिहून ठेवायचं कारण काय, ते मला उमगत नाही.

मी सगळ्या निगेटिव्ह खिडकीशी धरून बघितल्या. एकही चेहरा मला चोरासारखा वाटला नाही. घाबरलेले आहेत, चिडलेले आहेत, दोन-तीन जण तर झोपेतून उठवल्यासारखे. त्यातल्या एका गृहस्थांना मी चांगला ओळखतो. पाकिटावर "सुटला" आहे. पुढं ते सोसायटीचे चेअरमन झाले, आज नातवंडांत रमलेत. म्हणून गावाचं नाव देत नाहीये.

तर मला विचारायचंय ते असं. समोरून एक आणि बाजूनं एक ही पद्धत काढली कुणी? गुन्हा शाबित होण्याआधी माणसाचा असा फोटो काढायला कुठला कायदा होता? आणि मुख्य म्हणजे या डब्याचं आता काय करू? आई म्हणते बंब पेटवताना घाल. मुलगी म्हणते स्कॅन करून ठेवू, इतिहास आहे.

---

शटरस्पीड:

भाऊ, जाळू नका! स्कॅन करून इन्स्टावर टाका. ब्लॅक अँड व्हाइट, पाटी, खडू, बाहेरच्या देशांत असल्या फोटोंची पुस्तकं निघतात. तुफान चालेल.

डार्करूम_सांगली:

त्या चेअरमन काकांचा नातू इन्स्टावर आहे.

---

खाकी_निवृत्त:

दादा, मी सातारा जिल्ह्यात खात्यात होतो, हवालदार म्हणून रिटायर झालो. पोलिसांची बाजू कुणी सांगत नाही म्हणून लिवतो.

घरफोडीवाला सराईत असला की नाव कधीच खरं सांगत न्हाई. शिरवळला धरला तर म्हणणार मी कऱ्हाडचा, कऱ्हाडात म्हणणार मी फलटणचा. बापाचं नाव बदलणार, गाव बदलणार. तवा काय मोबाईल नव्हते, आधार नव्हतं. बोटाचे ठसे पुण्याला फिंगर प्रिंट ब्युरोला पाठवायचे आणि जबाब येईस्तोवर गडी जामिनावर भाईर. मग ठाणे अंमलदारानं करायचं काय? फोटोच. तीन कॉपीतली एक ठाण्याच्या अल्बमला, एक जिल्ह्याला, एक केसच्या कागदात, असं आमच्याकडं होतं. बिलाचं म्हणाल तर फोटोवाल्याचं काय, आमचं प्रवासभत्त्याचं बिलसुद्धा निघत नव्हतं.

आता एक खरं ते पण सांगतो. अल्बममधी फोटो गोंदानं चिकटवायचा. फिर्यादी आला की त्याच्यापुढं अल्बम ठेवायचा, बघा यातला कोण होता. रात्रीच्या अंधारात बघितलेला माणूस, फिर्यादी बिचारा गोंधळलेला, कुठंतरी बोट ठेवणारच. आणि बोट ठेवायला अल्बमात कोण? जे आधी धरले होते तेच. अल्बममधनं अमक्याचा फोटो काढून टाका, तो सुटला, असा कागद माझ्या उभ्या नोकरीत मी बघितला न्हाई.

---

जुनं_दप्तर:

पहिल्या प्रश्नावर लिहितो, माझा आवडीचा विषय आहे.

फोटोग्राफी जगापुढं आली १८३९ साली आणि १८४० चं दशक संपायच्या आत बेल्जियममध्ये कैद्यांचे फोटो निघायला लागले होते. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी १८५० च्या दशकाच्या अखेरीला चोरांच्या फोटोंचं दालनच मांडलं. इंग्लंडनं १८७१ च्या कायद्यानं कैद्यांचे फोटो काढणं सक्तीचं केलं. त्याच १८७१ साली आपल्याकडं गुन्हेगार जमातींचा कायदा आला. तिकडं निदान माणसानं आधी गुन्हा करायला लागत होता, इकडं नुसतं जन्माला आलं तरी पुरे.

पण नुसते फोटो साठवून काही होत नाही. पॅरिसच्या पोलिसांकडं हजारो फोटो पडून होते. चोर दुसरं नाव सांगून आला की त्या ढिगात शोधणार कसं? तिथं १८७९ साली आल्फोन्स बर्टिलॉन नावाचा एक कारकून लागला. वर्णनांची कार्डं नकलून नकलून हा कंटाळला. त्यानं माणूस मोजायला घेतला: डोक्याची लांबी, रुंदी, डावं मधलं बोट, डावं पाऊल, अशी ११ मापं. प्रत्येक मापाचे लहान, मध्यम, मोठं असे गट केले आणि त्याप्रमाणं कार्डं खणांत लावली. नाव काहीही सांग, मापं घेतली की हात बरोबर त्या खणात. फेब्रुवारी १८८३ मध्ये खोटं नाव सांगणारा पहिला माणूस असा सापडला.

समोरून आणि उजव्या बाजूनं, ठरलेलं अंतर, ठरलेला प्रकाश, ठरलेली खुर्ची, ही शिस्त त्याची. बाजूचा फोटो कशासाठी, तर मुख्यतः कानासाठी. दाढी वाढवता येते, जाड होता येतं, कानाची घडण मोठेपणी फारशी बदलत नाही आणि दोन माणसांचे कान सारखे नसतात, असं त्याचं म्हणणं. तुमच्या अण्णांचं "कान दिसू दे" पॅरिसहून आलंय म्हणा ना! स्टुडिओवाल्यांशीही त्याचं भांडण होतं. ते माणसाला तिरका बसवून, रिटच करून देखणा करतात आणि मग तो ओळखूच येत नाही, ही त्याची तक्रार.

मापांचा खेळ मात्र हिंदुस्थानानंच संपवला. मोजणाऱ्याचा हात जरा इकडचा तिकडं झाला की माप चुकायचं. बंगालचे पोलीसप्रमुख एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी दहा बोटांच्या ठशांची १०२४ गटांत वर्गवारी बसवली, आणि १८९७ साली कलकत्त्यात ठशांचा ब्युरो सुरू झाला. पद्धत आजही हेन्रीच्या नावानं ओळखली जाते, हिशोब करणारे दोघं मागं राहिले.

बर्टिलॉनचं पुढं काय झालं? १८९४ साली ड्रेफस या फ्रेंच लष्करी अधिकाऱ्यावरच्या हेरगिरीच्या खटल्यात त्याला हस्ताक्षराचा जाणकार म्हणून उभं केलं. त्यानं छातीठोकपणे सांगितलं की अक्षर ड्रेफसचंच. ते साफ चूक होतं. निरपराध माणूस डेव्हिल्स आयलंड या कैद्यांच्या बेटावर गेला, १९०६ मध्ये पूर्ण निर्दोष ठरला. मापं घेण्यापुरता हुशार माणूस, पण सरकारनं एकदा तज्ज्ञ म्हटल्यावर त्याचा कुठलाही अंदाज पुरावा झाला.

चोरासारखा चेहरा दिसत नाही म्हणालात. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञानं १८७० च्या दशकात हाच शोध लावायचा घाट घातला होता. गुन्हेगाराचा खास चेहरा काढायला त्यानं कैद्यांचे फोटो एकाच प्लेटवर एकावर एक घेतले. हाती आला तो एक साधा, बऱ्यापैकी माणूस. दुष्टपणा कुठं गेला कळेना, हे त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय.

---

कृष्णाकाठ:

आपल्या भागातलं एक जोडतो. बेचाळीसनंतर क्रांतिसिंह नाना पाटील चारएक वर्षं भूमिगत होते, तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात म्हणजे आजच्या सांगलीसकट. पोलीस मागावर होते, गावोगाव फिरत होते. गावानं तोंड उघडलं नाही. सांगायचा मुद्दा, फोटो असला तरी "हाच तो" म्हणणारा माणूस लागतो आणि तो गप्प बसू शकतो. आता चौकातला कॅमेरा आणि मागचा कॉम्प्युटर मिळून ओळख पटवतात. त्यांना गप्प बसायला कोण सांगणार?

---

काळाकोट:

मी सांगलीत प्रॅक्टिस करतो. जुनं_दप्तर यांनी इतिहास सांगितला, मी कलमं सांगतो. राज्यांनी पुढं दुरुस्त्या केल्या, मी मूळ कायदा सांगतोय.

अण्णांच्या काळात लागू होता तो १९२० चा कैद्यांच्या ओळखीचा कायदा. कलम ३ प्रमाणं एक वर्ष किंवा जास्त सक्तमजुरी होऊ शकेल अशा गुन्ह्यात शिक्षा झालेल्याचे, किंवा ज्याला चांगल्या वर्तणुकीचा जामीन द्यायचा हुकूम झालाय त्याचे, मापं आणि फोटो घेता येत. नुसता अटकेत असलेल्या माणसाची कलम ४ खाली पोलिसांना "मापं" घेता येत होती, त्यात बोटांचे ठसे आले. फोटो त्या कलमात नाही! तपासासाठी फोटो हवा तर कलम ५ खाली प्रथम वर्ग मॅजिस्ट्रेटचा हुकूम. नकार दिला तर कलम ६: जरूर ती सक्ती करता येते, शिवाय सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा. आता तुम्ही सांगा, शिपाई सायकलवरून यायचा तेव्हा त्याच्या खिशात मॅजिस्ट्रेटचा हुकूम असायचा का?

यात माणसाची स्वतःविरुद्ध साक्ष होत नाही का, असं कुणीतरी विचारेलच. तो प्रश्न १९६१ मध्येच मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड या खटल्यात निकाली निघाला. सुप्रीम कोर्टाच्या ११ न्यायमूर्तींनी ठरवलं की ठसे किंवा अक्षराचा नमुना देणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणं नव्हे.

आणि आता कलम ७. हे प्रत्येक फोटोवाल्यानं वाचायला हवं होतं. पूर्वी तशी शिक्षा न झालेला माणूस खटला न चालता सुटला, आरोपमुक्त झाला किंवा निर्दोष ठरला, तर त्याची सगळी मापं आणि सगळे फोटो नष्ट करायचे किंवा त्याच्या हवाली करायचे. कोर्टानं वा अधिकाऱ्यानं लेखी कारण देऊन वेगळा हुकूम केला तरच सूट. आणि कायद्यात कंसात स्पष्ट लिहिलंय: निगेटिव्ह आणि कॉपी, दोन्ही. १९२० साली इंग्रजानं निगेटिव्हचा विचार केला होता. फक्त निगेटिव्ह सरकारजमा नव्हती, तुमच्या अण्णांच्या डब्यात होती, हे कुणाच्या लक्षात आलं नसावं.

अण्णांना कलम ७ माहीत होतं की नाही, मला सांगता येणार नाही. पण "सुटला" लिहिलेली पाकिटं म्हणजे नेमकी तीच यादी आहे.

२०२२ मध्ये नवा कायदा आला, ४ ऑगस्टपासून लागू, जुना रद्द. आता "मापं" म्हणजे ठसे, तळवे, पाऊल, फोटो, बुबुळ, डोळ्याचा पडदा, शारीरिक-जैविक नमुने, सही, अक्षर, सगळंच. नोंद ७५ वर्षं एनसीआरबीकडं, म्हणजे केंद्राच्या गुन्हे नोंद विभागाकडं. पुसून टाकायची तरतूद आहे, पण अपील वगैरे सगळे मार्ग संपल्यावर. चाळिशीत धरलेल्या माणसाची नोंद त्याच्यापेक्षा जास्त जगणार.

तुम्हाला सल्ला: ऑनलाइन काही टाकू नका. २०१७ पासून खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. कॉपीराइटचं विचाराल तर पैसे घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा हक्क तो काढायला सांगणाऱ्याकडं जातो. बिलच बाकी असेल तर काय, हा वाद घालायला मला आवडेल, पण फी परवडणार नाही तुम्हाला.

---

पालावरची_पोर:

मी कैकाडी समाजातली, सध्या साताऱ्यात शिक्षिका आहे. खाकी काका, तुम्ही खरं बोललात म्हणून राग नाही. पण तुमचा सराईत आणि आमचा म्हातारा एकाच अल्बमात असायचे, हे पण लिहा.

माझे पणजोबा सोलापूरच्या सेटलमेंटात, म्हणजे गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या वसाहतीत, होते. तारेचं कुंपण, दिवसा गिरणीत काम, ठरल्या वेळेला हजेरी, भाईर जायचं तर पास. गुन्हा काय, तर जात. १९११ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं नोंदलेल्या कुणाचेही बोटांचे ठसे कधीही घ्यायचा अधिकार होता, खटला नको की आरोप नको. मुंबई राज्यात तो कायदा १९४९ ला गेला, देशात ३१ ऑगस्ट १९५२ ला. आम्ही तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतो. पण चोरी झाली की गाडी पालावर यायची ती काय १९५२ ला थांबली नाही. माझ्या आज्याला माझ्या आईच्या लहानपणी नेलं होतं. दोन रात्री ठेवून सोडलं, कागद नाही, केस नाही. फोटो मात्र काढला होता, हे आजी सांगायची. त्याला तेव्हा कळलंच नव्हतं की कशासाठी उभं केलंय, केस नीट करून उभा राहिला.

आमच्या घरात आज्याचा दुसरा एकही फोटो नाही. स्टुडिओत जाऊन फोटो काढायचे पैसे कुणाकडं होते? आहे तो एकच, कुठल्यातरी ठाण्यात नाहीतर कुठल्यातरी डब्यात.

म्हणून दादा, बंबात घालू नका. वकीलसाहेबांनी सांगितलं ना, नष्ट करायचे किंवा हवाली करायचे. सरकारनं दोन्ही केलं नाही. तुम्हाला दुसरं करता येतंय. पण गाजावाजा न करता. दारात जाऊन मोठ्यानं "तुमच्या वडिलांचा पोलीस फोटो" म्हणू नका. काही घरांत सुनांना, नातवंडांना माहीतही नसतं. ज्यांना नको असेल त्यांच्यासमोर कापून टाका.

---

खाकी_निवृत्त:

ताई, लिवतो. होते एकाच अल्बमात.

---

डार्करूम_सांगली:

सगळ्यांचे आभार. आईला कलम ७ वाचून दाखवलं. ती म्हणाली, अण्णांना कायदा ठाऊक असायचं कारण नाही, पण सुटलेल्या माणसाची निगेटिव्ह ठाण्यात मागितली तर द्यायची नाही असं त्यांचं ठरलेलं होतं. "खराब झाली" म्हणून सांगायचे. एकदा एका साहेबांनी यावरून बरंच सुनावलं होतं म्हणे. मला हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

"सुटला"ची पाकिटं वेगळी केलीत. चेअरमन काकांकडं मी एकटाच जाणार आहे, घरचे सगळे शेतावर असतील अशा वेळी. ताई, तुमच्या आजोबांचं गाव आणि साधारण साल मला निरोपात कळवा, डबा पुन्हा एकदा बघतो.

अडचण राहिली ती बाकीच्या पाकिटांची. काहीच लिहिलेलं नाही अशांचा निकाल काय लागला, हे कुठं कळेल? काळाकोट, विजयनगरला कोर्टात अर्ज करून जुने निकाल मिळतात का?

---

काळाकोट:

नक्कल अर्ज करता येतो, पण फार आशा ठेवू नका. किरकोळ फौजदारी खटल्यांचे कागद ठरावीक मुदतीनंतर कोर्ट नष्ट करतं. म्हणजे माणूस सुटल्याचा कागद गेला असेल आणि धरल्याचा फोटो तुमच्याकडं आहे. रजिस्टरं जरा जास्त टिकतात, तिथं बघू. रजिस्टरला कोर्टाचा केस नंबर लागतो, पाटीवर ठाण्याचा गुन्हा नंबर असतो, त्यामुळं साल आणि नावावरूनच शोधावं लागेल. ज्या पाट्यांवरचं नाव, साल आणि गु.र.नं. स्पष्ट वाचता येतंय तेवढ्यांची यादी करून आणा, चेहरे नकोत. तालुक्याच्या कोर्टातला एक जुना शिरस्तेदार माझ्या ओळखीचा आहे, त्याच्याकडं आधी जाऊ.